चित्रात दारिद्र्य कसं दाखवतात? चित्रकार आणि कलाविद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

फाटके कपडे आणि खोल गेलेले डोळे काढले तर पुरेसं नाही का?

ओळख पटायला पुरेसं आहे. पण ओळख पटली की पाहणारा पुढच्या चित्राकडे वळतो. प्रदर्शनांत अशी चित्रं दरवर्षी असतात: सुरकुतलेला चेहरा, पांढरी दाढी, डोळ्यांत पाणी, मागे काळोख. सुरकुत्या झकास जमलेल्या असतात, पण त्या माणसाकडे नेमकं काय नाही याचा चित्रात पत्ताच नसतो. दारिद्र्य चेहऱ्यावर कमी असतं. माणूस कुठे बसलाय, ती जागा कोणाची आहे, उजेड कुठून येतो, हाताशी किती वस्तू आहेत, अंग कशामुळे वाकलंय, यात ते जास्त असतं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं चेहऱ्याविषयी नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची?

रचनेपासून. ज्याँ-फ्राँस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ चं 'सरवा वेचणाऱ्या बायका' हे चित्र (ओर्से संग्रहालय, पॅरिस, सुमारे ८४ × ११२ सेंमी) मोठ्या आकारात उघडून समोर ठेवा. कापणी झालेल्या शेतात तिघी जणी पडलेली कणसं वेचतायत. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. कपडे जाडेभरडे आहेत, पण चिंध्या नाहीत. कोणी रडत नाही, चेहरे तर धड दिसतही नाहीत. आता मागे बघा. उन्हात उजळलेल्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांची लगबग आणि उजवीकडे लांबवर घोड्यावर बसलेला मुकादम. धान्य रग्गड आहे, फक्त ते या तिघींचं नाही.

हे तीन गोष्टींनी साधलंय. क्षितिजरेषा वर, साधारण वरच्या तिसऱ्या भागात आहे आणि वाकलेल्या दोघींच्या पाठी तिच्या खालीच राहतात. त्यांना आकाश मिळतच नाही. पुढचा भाग मंद, मातकट आणि मागचा सोनेरी आहे, म्हणजे सगळ्यात उजळ रंग नेमका त्यांच्या हाताबाहेर. शिवाय मागच्या गंजी आकाराने बारीक असल्या तरी त्याच उजळपणामुळे नजर सारखी तिकडे जाते.

हाताने करून बघायचं असेल तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर या चित्राची नुसती बाह्यरेषा दोनदा काढा. दुसऱ्या वेळी क्षितिज त्यांच्या कमरेपाशी आणा. तीच माणसं, तेच काम, पण आता त्या आकाशासमोर उभ्या राहतात आणि चित्र श्रमाच्या गौरवाचं होऊन बसतं. दोन्ही चालेल, पण कोणतं हवंय ते कॅनव्हास ताणण्याआधी ठरलेलं बरं.

गुस्ताव कुर्बेने 'खडी फोडणारे' (१८४९) या चित्रात आणखी पुढची पायरी गाठली. रस्त्याकडेचा उतार जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापतो, आकाशाचा जेमतेम एक तुकडा कोपऱ्यात उरतो. म्हाताऱ्याचा चेहरा टोपीखाली गेलाय, पोराने पाठ फिरवली आहे. एक काम करायला फार म्हातारा, दुसरा फार लहान. मधलं वयच चित्रात नाही. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेनजवळ नष्ट झालं असं मानतात, त्यामुळे आता छायाचित्रांवरच भागवावं लागतं.

रस्त्यावर बसलेल्या माणसाचा फोटो काढून त्यावरून रंगवतो. चित्र बिनसतं. का?

बहुतेक वेळा कारण फोटोची उंची असते. तुम्ही उभे, तो बसलेला. मोबाइल दीड मीटरवर, लेन्स वाइड. त्यामुळे डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे नुसती फरशी येते. त्याहून मोठी अडचण अशी की पाहणाऱ्यालाही तुम्ही नाणं टाकणाऱ्याच्या जागी उभं करता.

खाली बसा. डोळे समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. जमिनीवर बसलेल्या माणसासाठी ही उंची साधारण ७० ते ८० सेंमी येते. अंतर अडीच-तीन मीटर ठेवा आणि मोबाइलमध्ये २× वर घ्या, म्हणजे नाक आणि गुडघे फुगणार नाहीत.

याहून खाली गेलं तर काय होतं, ते होसे दे रिबेराने १६४२ मध्ये दाखवलंय. त्याचा पायाने अधू भिकारी मुलगा (लूव्र, सुमारे १६४ × ९४ सेंमी) उभ्या कॅनव्हासवर, खूप खाली ठेवलेल्या क्षितिजावर, मोकळ्या आकाशासमोर उभा आहे. कुबडी शिपायाने बंदूक घ्यावी तशी खांद्यावर आणि चेहऱ्यावर फटीतल्या दातांचं हसू. हातात भीक मागण्याची लॅटिन चिठ्ठी आहे. ही उभी चौकट आणि हा खालचा कोन त्या काळी सरदार-दरकदारांच्या व्यक्तिचित्रांसाठी राखलेला असे. रिबेराने कपड्यांत किंवा पायात काहीही सुधारलेलं नाही, फक्त बघायची जागा बदलली.

रंग मळकट ठेवायचे, एवढाच नियम आहे का?

विन्सेंट व्हॅन गॉगच्या 'बटाटे खाणारे' (१८८५, व्हॅन गॉग संग्रहालय, ॲम्स्टरडॅम, ८२ × ११४ सेंमी) या चित्रामुळे हा समज पक्का झाला असावा. म्हणून ते चित्र नीट समजून घेऊ.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावचं शेतकरी कुटुंब, वर टांगलेला एकच दिवा, खाली पाच माणसं. व्हॅन गॉगने आधी चेहरे पिवळा ऑकर, लाल ऑकर आणि पांढरा यांत रंगवले होते. ते फार उजळ वाटले म्हणून त्याने सगळी डोकी पुन्हा रंगवली आणि भावाला पत्रात कळवलं, की आता रंग न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्यासारखा झालाय. यामागे त्याचा विचार सरळ होता. ज्या हातांनी ही माणसं ताटातलं उचलतात, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे. म्हणून कातडी, बटाटा आणि माती एकाच रंगकुळातली. मळकटपणाला कारण आहे. ते नसेल तर तो नुसता मळच.

त्या जातीचा रंग तैलरंगात हवा असेल तर आमचं प्रमाण (व्हॅन गॉगचं नव्हे) असं: यलो ऑकर ३ भाग, अल्ट्रामरिन १ भाग, बर्न्ट सिएना १ भाग. आधी ऑकर आणि अल्ट्रामरिन मिसळा, मंद हिरवट रंग येईल. मग बर्न्ट सिएना थोडा थोडा घालत जा, हिरवा मरून तपकिरी-करडा होईपर्यंत. अल्ट्रामरिन एकदम सगळा ओतू नका. कंपनीप्रमाणे त्याचा जोर कमी-जास्त असतो. उजळ भागासाठी थेट टायटॅनियम व्हाइट घातला तर रंग खडूसारखा फिक्का पडतो. त्याऐवजी ऑकरमध्ये निम्मा पांढरा मिसळून तो वापरा.

आता बिघडतं कुठे? पहिली चूक म्हणजे पॅलेटवरचे सगळे रंग एकत्र येणं. पांढरा सोडून तीन रंगद्रव्यांच्या पुढे गेलात की मिश्रण मरतं. दुसरी, ओल्या थरावर ब्रश घासत राहणं. लावा आणि सोडून द्या; दुरुस्ती थर वाळल्यावर. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: सगळं चित्र एकाच छटेत जातं. काळा १ आणि पांढरा ९ अशी पट्टी धरली तर चित्राचा बहुतेक भाग २ ते ५ मध्ये ठेवा, चेहऱ्यावरचे मोजके उजळ फटकारे ६ आणि दिव्याची ज्योत ७. ८ आणि ९ वापरूच नका. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. आकृती पार्श्वभूमीत विरघळल्या असतील तर दोष छटांचा आहे, रंगाचा नाही.

आणि एक गोष्ट भारतीय चित्रकारांसाठी. तपकिरी दारिद्र्य हे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातलं आहे. आजच्या मुंबईतल्या झोपडपट्टीत निळी ताडपत्री, गुलाबी बादली, पोपटी मग आणि फ्लेक्सचे छापील तुकडे दिसतात. तिथे सगळं बर्न्ट अंबरमध्ये बुडवणं म्हणजे समोरचं न बघता पुस्तकातलं रंगवणं. ताडपत्रीचा झगझगीत निळा खरा ठेवा आणि तिच्याखाली बसलेल्यांच्या कातडीवर पडणारी निळी झाकही रंगवा. ती झाक पाहणाऱ्याला जास्त अस्वस्थ करते.

पिकासोसारखा निळा वापरला तर?

पिकासोच्या निळ्या कालखंडातलं (१९०१–०४) 'म्हातारा गिटारवादक' (शिकागो) नुसत्या निळ्यावर उभं नाही. उंच अरुंद चौकटीत माणूस इतका मुडपून बसवलाय, की मान सरळ केली तर तो चौकटीबाहेर जाईल. हातपाय लांबवलेले आहेत आणि गिटार तेवढी तपकिरी, म्हणजे उबदार रंग फक्त पोटापाण्याच्या साधनाला. निळा घ्यायचा असेल तर या बाकीच्या गोष्टीही घ्या. एरवी चित्र गरिबीचं न होता पावसाळी संध्याकाळचं होतं.

उजेड कसा ठेवावा?

एकच स्रोत, आणि तो अपुरा. खिडकी असेल तर लहान आणि एका बाजूला. मुरिल्योच्या 'भिकारी मुला'त (लूव्र, १६४५–५० च्या सुमाराचं) डावीकडच्या खिडकीतून तिरपा उजेड येतो आणि अंगरख्यातल्या उवा शोधणाऱ्या मुलावर पडतो. त्यात पायाचा मळका तळवा सरळ आपल्याकडे आहे.

क्येथे कोल्विट्झने 'विणकरांचा उठाव' या सहा छापचित्रांच्या मालिकेत (१८९३–९७) उलट युक्ती केली. पहिल्याच चित्रात, जे जेमतेम १५ सेंमीचं शिळाछापचित्र (लिथोग्राफ) आहे, उजेड आजारी मुलाच्या अंथरुणावर पडतो, डोकं धरून बसलेली आई अंधारात जाते आणि मागची निम्मी खोली मागाने अडवलेली आहे. कमावण्याचं साधन घरातली जागा खातंय, हे तिने एकही शब्द न लिहिता सांगितलं.

पोत दाखवायचा असेल, म्हणजे कुडाची भिंत, गोणपाट किंवा भेगाळलेली टाच, तर दिवा पृष्ठभागाशी २०–३० अंशांत ठेवा. समोरून प्रकाश टाकला की पोत सपाट होतो. फ्लॅश तर नकोच.

जीर्ण कापड खरं कसं वाटेल?

विद्यार्थी नव्या कापडाच्या ताठ घड्या काढतात आणि वर मध्येमध्ये भोकं पाडतात. तसं कापड कुठेच नसतं. सुती कापड धुऊन धुऊन विरतं तेव्हा त्यातला ताठपणा जातो. घड्या बारीक, मऊ आणि जास्त होतात, आणि ते अंगाचा आकार धरून लोंबतं. फाटतं तेही कसंही नाही. ताण्याच्या किंवा बाण्याच्या धाग्याला धरून फाटतं, म्हणून फाटलेली कड बरीचशी सरळ आणि तिला काटकोनात दुसरी चीर. कडेला दोन-चार सुटे धागे. विटतं ते आधी खांद्यावर आणि पाठीवर, जिथे ऊन लागतं. काखेत आणि घडीच्या आत मूळ रंग टिकून असतो. विरतं ते कोपर, गुडघा, बूड आणि लुगड्याचा जमिनीला घासणारा काठ इथे. ठिगळ मूळ कापडापेक्षा नवं, म्हणून गडद असतं आणि त्याच्या टाक्यांभोवती कापड किंचित गोळा होतं. एवढं एकाच ठिगळात नीट दाखवलंत तर दहा भोकांची गरज उरत नाही.

उपासमार झालेलं शरीर काढताना काय चुकतं?

बरगड्या. त्या आडव्या, समांतर, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या काढल्या जातात. खऱ्या बरगड्या पाठीकडून पुढे येताना खाली उतरतात, आणि पुढे छातीच्या हाडाकडे पुन्हा वर वळतात. त्यापेक्षा महत्त्वाच्या खुणा दुसरीकडे असतात: कानशिलावरचा खड्डा, गळपट्टीच्या हाडामागची खोबण, मांडीपेक्षा रुंद दिसणारा गुडघा आणि दंडापेक्षा जाड कोपर. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटतं आणि कुपोषणात पोट फुगलेलं असू शकतं, त्यामुळे सगळीकडे नुसतं हाड काढलं तरी चुकतं.

यासाठी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली रेखाटनं अभ्यासावीत. चित्तप्रसाद भट्टाचार्य त्या वर्षी मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि शाईत माणसं काढत गेले. ती नोंद 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत छापली गेली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे चित्तप्रसाद मुंबईत येऊन राहिले. झैनुल आबेदिन यांनी त्याच दुष्काळात हलक्या, पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईने रेखाटनं केली. त्यांची पार्श्वभूमी जवळजवळ कोरी आहे. रस्ता नाही, घर नाही. माणूस, रिकामं भांडं आणि कावळा. कावळा धष्टपुष्ट आहे, हे लक्षात घ्या.

आबेदिन यांच्यासारखं कोरड्या ब्रशचं काम करायचं कसं?

साधा खाकी कागद, काळी चिनी शाई, ६ ते १० नंबरचा गोल ब्रश आणि एक जुनं सुती फडकं.

शाई पाणी न घालता घ्या. ब्रश बुडवा, फडक्यावर दोन-तीनदा टेकवून ओल काढा आणि आधी रद्दी कागदावर एक फटकारा मारा. मध्ये कागद दिसणारी तुटक रेघ आली की ब्रश तयार. मग मोठ्या, वेगवान रेघा: पाठीचा कणा, नडगी, जमिनीला टेकलेला हात. गडद, ओल्या रेघा शेवटी आणि मोजक्याच, शक्यतो जिथे शरीर जमिनीला टेकतं तिथे. त्याशिवाय आकृतीला वजन येत नाही.

पाणी जास्त झालं की खाकी कागद फुगतो, तंतू वर येतात आणि रेघ पसरते. सावकाश ओढलेली रेघ मऊ पडते. शिवाय हा कागद आम्लयुक्त असल्यामुळे काही वर्षांत ठिसूळ होतो. काम टिकवायचं असेल तर आम्लविरहित रंगीत कागद घ्या, किंवा सराव खाकीवर आणि अंतिम चित्र चांगल्या कागदावर करा.

घरातल्या वस्तू किती दाखवाव्यात?

कमी, आणि वापरातल्या. तीन ते पाच पुरतात. जेकब लॉरेन्सने १९४०–४१ मध्ये अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांवर ६० फलकांची मालिका केली (प्रत्येक फलक १२ × १८ इंच). सगळ्या फलकांवर एकेक रंग एकदम लावत गेल्यामुळे मालिकेचा सूर कुठे तुटत नाही. त्यातल्या दहाव्या फलकाचा मथळा 'ते फार गरीब होते' असा आहे: एक पुरुष, एक बाई, टेबल आणि बाकी जवळजवळ सगळी रिकामी सपाट भिंत.

वस्तू निवडताना एखादी भलतीच वस्तू सगळं फिरवू शकते. ल नँ बंधूंच्या शेतकरी कुटुंबाच्या चित्रात (लूव्र, १६४२ च्या सुमाराचं) पाव, मीठ आणि हातात वाइनचा नाजूक पेला आहे. तेवढ्यावरून हे कुटुंब खरंच गरीब की खाऊनपिऊन सुखी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आपल्याकडचं घर काढताना जर्मनची (ॲल्युमिनियमची) पातेली आणि स्टीलची भांडी यांतला फरक सांभाळा. स्टीलवर प्रतिबिंबाच्या कडा तीक्ष्ण, काळ्यापांढऱ्या पट्ट्या लगत. घासून घासून जुन्या झालेल्या जर्मनवर झळाळी रुंद, मऊ, करडी. पोचा आलेल्या जागी तेवढी ती तुटते. हे उलटं झालं की भांड्यांवरून घर दोन पायऱ्या वर चढतं.

चेहरा दाखवायचाच असेल तर?

भाव कमी करा. अमृता शेरगिलच्या १९३५ च्या 'मदर इंडिया' किंवा 'पहाडी स्त्रिया'मध्ये कोणी काही मागत नाही, की काही घडतही नाही. स्थिर देह, खाली किंवा दूर गेलेली नजर. पुढे अजिंठा पाहून आल्यावर तिची रचना आणखी सपाट आणि ठाम झाली.

मराठी चित्रकारांत सुधीर पटवर्धन यांचं काम या दृष्टीने जरूर पाहा. ते ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते, हे माहीत असो-नसो, त्यांच्या कामगारांची शरीरं वजनदार आणि जागा अडवणारी आहेत हे चटकन जाणवतं. त्यांना बिचारं म्हणता येत नाही. 'लोअर परळ' (२००१) मध्ये ती माणसं बदलत्या गिरणगावात उभी आहेत.

डोळ्यांतला पांढरा ठिपका तर बहुतेक वेळा काढूनच टाका. त्याने नजर ओली होते आणि चित्र विनवण्या करू लागतं.

खऱ्या माणसाला बसवायचं तर काय पाळावं?

आधी विचारा, मग रेखाटन. बैठकीचा मोबदला आधी ठरवा आणि इतर मॉडेलना देता तेवढाच द्या. लहान मूल असेल तर पालकांची परवानगी घ्या. चित्र प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर जाणार असेल तर तेही सांगा, आणि चेहरा ओळखू येऊ नये असं वाटत असेल तर दोन-तीन रेखाटनांतून एक आकृती बांधा. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून जशीच्या तशी नक्कल करू नका. भारतात छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात असा प्रसंग घ्यावा का?

घ्या, पण भिकाऱ्याला मध्यभागी बसवू नका. बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला वेचणारी दोन माणसं आणि मागे भरलेला टेम्पो घ्या. रचना आपोआप मिलेच्या जवळ जाते.

पूर्ण झालेल्या चित्राला वार्निश आणि चौकट कशी असावी?

चकचकीत वार्निश गडद चित्राचा आरसा करतं आणि २ ते ४ मधल्या छटा दिसेनाशा होतात. मॅट किंवा सॅटिन घ्या, तेही तैलरंग पुरते वाळल्यावर. पातळ थर असेल तर किमान सहा महिन्यांनी. चौकटीबाबत बहुतेक जण खडबडीत, जुनाट लाकूड निवडतात आणि ते सजावट होऊन बसतं. व्हॅन गॉगला आपल्या गडद चित्रासाठी सोनेरी चौकट किंवा पिकल्या गव्हाच्या रंगाची भिंत हवी होती. कारण तांत्रिक होतं: सोनेरी-पिवळ्यालगत ठेवल्यावर छायेतले निळसर करडे वेगळे उठून दिसतात. रद्दीतल्या पिवळ्या कार्डाची पट्टी कापून चित्राच्या कडेला धरा, मग काळी धरा आणि पाच पावलं मागे जाऊन बघा. फरक लगेच कळतो.